न तपासलेलं शहर

आमच्या जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर पूर्वी एक साधं कॅलेंडर होतं. ते बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या ह्यांनी ते काढलं आणि तिथे शहरं लावली. अकरा शहरांचा भलामोठा तक्ता. वर रकाने : पाणी, हवा, रस्ते, दवाखाने, शेजार, सांडपाणी. घास तोंडात घालावा, समोर बघावं, तर सांडपाणी!

"राहायला सगळ्यांत चांगलं शहर कुठलं, ते एकदाचं ठरवून टाकायचं," त्यांनी जाहीर केलं. "मग हे घर विकायचं आणि तिकडे जायचं."

"आणि आत्ता राहतो ते शहर कितवं आलं?"

"अकरावं."

अकरात अकरावं. ज्या गावात माझं लग्न झालं, मुलगी वाढली, दोघांचे केस पिकले, ते नापास. मी हातातला घास तसाच ताटात ठेवला आणि उठले.

माझा नवरा कपबशांच्या कारखान्यात तपासनीस होता. सगळी नोकरी एकाच टेबलापाशी. समोरून कप येणार, हे तो उजेडात फिरवून बघणार, मग कानाजवळ धरून पेन्सिलीने हलकेच वाजवणार. टण्ण वाजला की पास. बद्द वाजला की आत कुठेतरी तडा आहे, कप बाद. कारखान्यात सगळे त्यांना 'कानमास्तर' म्हणायचे. वर्षापूर्वी कारखाना बंद पडला, आणि तेव्हापासून तो कान चोवीस तास माझ्या घरात आहे. फ्रिज घरघरतो, पंखा कुरकुरतो, मी चहा पिताना फुर्र करते. सगळ्याची नोंद होते.

खालची रस्त्याकडची खोली तेवढी माझी. तिथे मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, मी मेणात दात बसवते, कवळी तयार करते, घासते, चकचकीत करते. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. नवी कवळी सुरुवातीला टोचतेच. मग आजूबाजूच्या गल्ल्यांतले आजी-आजोबा काठी टेकत येतात, तोंड उघडून बोट दाखवतात, मी तेवढीच जागा घासून देते. पुन्हा आठ दिवसांनी येतात, पुन्हा घासते. असं करत करत ती त्यांची होते. घर गेलं की ही खोली गेली, आणि खोली गेली की माझं काम गेलं. ही माणसं काही माझ्यामागून दुसऱ्या शहरात येणार नव्हती.

हे मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "कवळ्या काय, कुठेही बनवता येतात. दात सगळीकडेच पडतात."

त्या खोलीत मात्र ह्यांना मज्जाव आहे. कारखाना बंद पडला त्याच आठवड्यात हे तिथे आले, एक कवळी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "डावीकडचा तिसरा दात किंचित पिवळा आहे." मी म्हटलं, "माणसाचे दात आहेत, बशी नाही." आणि दार लावून घेतलं. काम करताना डोक्यावर तपासनीस बसलेला कुणाला चालतो?

तर शहरं. पहिला नंबर आला समुद्राकाठच्या शहराचा. तिथे माझी नणंद राहते, म्हणून म्हटलं, आठ दिवस राहून बघू. नणंद हौसेने स्टेशनवर घ्यायला आली. हे गाडीतून उतरले आणि फलाटाची फरशी बुटाने ठोकून बघितली. दुसऱ्या दिवशी नळाच्या तोट्यांवर खार सापडला. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा कुत्रा. मग फुटपाथ, मग दमट गाद्या, मग नणंदेच्या नवऱ्याचा खोकला, जो शहराच्या हवेच्या नावावर टाकण्यात आला. निघताना नणंदेने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"वहिनी, तू कधीही ये. दादाला मात्र आणू नकोस गं."

घरी आल्यावर ह्यांनी हातपायही धुतले नाहीत, सरळ भिंतीपाशी. समुद्राकाठचं शहर पहिल्यावरून दहावं. मग टेकडीवरच्या शहरात गेलो. तेही नववं होऊन आलं. नदीवरच्या शहरात मी गेलेच नाही. हे एकटेच जाऊन आले आणि त्याला आठवं करून टाकलं. जिथे जातील तिथे शहराचे दिवस भरले.

मग एके दिवशी संध्याकाळी हे खुशीत घरी आले. तळ्याकाठचं एक शहर होतं, पार दुसऱ्या टोकाला, तिथे कुत्रंसुद्धा आमच्या ओळखीचं नाही. ते पहिलं आलं होतं. आणि वाईट म्हणजे आमच्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. चौकातले सलूनवाले. रविवारी येऊन घर बघणार आणि शब्द पक्का करणार.

"तळ्याचं शहर बघितलंत कधी?" मी विचारलं.

"नाही. आणि बघणारही नाही. बघितलं की उगीच गुण जातात."

माझा हात भांड्यावरच थांबला. मी भिंतीपाशी गेले आणि वर्षभरात पहिल्यांदाच तो तक्ता नीट वाचला. तळ्याच्या शहरापुढे सगळ्या रकान्यांत दहापैकी दहा. पाणी दहा. हवा दहा. शेजार दहा!

"हे दहा दिले कुणी?"

"दिले कशाला? प्रत्येकाला आधी दहाच असतात. दोष सापडला की वजा करायचे. कपांना तसंच करत होतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि त्याबरोबर कपाळावर हात मारावासा वाटला. ज्या शहराची ह्यांना जितकी जास्त माहिती, तितके त्याचे गुण कमी. आमच्या गावाची खडा न् खडा माहिती, म्हणून ते तळाला. आणि ज्याचं नावही धड ठाऊक नाही ते अव्वल!

"अहो, त्या शहरात दोष सापडला नाही, की शोधलाच नाही?"

हे तक्त्याकडे बघायला लागले.

"कारखान्यात न तपासलेला कप पास केला असतात तुम्ही?"

हा घाव वर्मी बसला. ह्यांचा चेहरा पडला. मुकाट्याने उठले, पेन्सिल घेतली आणि तळ्याच्या शहरावर आडवी रेघ मारली. मला वाटलं, जिंकले. मी गाणं गुणगुणत भांडी घासली, तेही फुर्र आवाजासारखं कुणाच्या नोंदीत गेलं असेल तर जाऊ दे म्हटलं.

सकाळी हे चहा पिता पिता म्हणाले, "तुझं बरोबर आहे. वरवर बघून तपासणी होत नाही. घर विकू, आणि एकेका शहरात वर्ष-वर्ष भाड्याने राहू. राहून तपासू."

आगीतून फुफाट्यात! आयुष्याच्या या टोकाला मी बोचकी बांधून गावोगाव हिंडायचं, आणि प्रत्येक गावात ह्यांनी फलाट ठोकायचे. मला इतका वैताग आला की चहाचा कप उचलून मीही वाजवून बघावा, पेन्सिलीऐवजी जमिनीवर, असं मनात आलं. पण भांडून उपयोग नव्हता. मी दुसरी युक्ती काढली.

रविवारी सलूनवाले आले. हसतमुख माणूस, खिशात मोजायचा टेप. दारातच मी ह्यांना गोड आवाजात म्हटलं, "अहो, घरात जे काही दोष आहेत ते सगळे सांगा हं त्यांना. लपवाछपवी नको."

ह्यांना तेवढंच हवं होतं. सुरू झाले.

"जिन्याची तिसरी पायरी हलते. डाव्या बाजूने चढायचं, मग हलत नाही. नळाला सकाळी आधी लालसर पाणी येतं, बादलीभर सोडून द्यायचं, झाडांना चालतं. समोरची बेकरी पहाटे शटर उघडते, झोपमोड होते. पण उठून खिडकी उघडली तर वास छान येतो. गच्चीचं दार अडकतं. खांद्याने उचलायचं आणि मग ढकलायचं. शेजारीणबाई सगळ्या चौकशा करतात. पण किल्ली त्यांच्याकडे ठेवता येते."

सलूनवाले मान डोलावत होते. मी आधी मनातल्या मनात खूश होते, की आता पळतो हा माणूस. पण हे बोलत गेले तसं मला काही वेगळंच वाटायला लागलं. बाद केलेल्या कपाबद्दल कुणी इतकं बोलत नाही.

शेवटी सलूनवाल्यांनी हात जोडले. "साहेब, आजवर बघितली ती सगळी घरं म्हणे एकदम झकास. खरं बोलणारे तुम्ही पहिले. घर पसंत आहे मला."

करायला गेले काय आणि झालं काय!  सलूनवाल्यांनी लगेच टेप काढला. आम्ही तिघं खाली गेलो, आणि ते माझ्या खोलीच्या काचेतून आत डोकावले. "इथे आरसे," ते म्हणाले. "इथे खुर्च्या. हे टेबल काढून टाकलं की जागा मोठी होईल." त्या टेबलावर माझे साचे मांडलेले होते. ओळीने उघडे जबडे, सगळे आमच्या गल्लीतले.

टेप धरता धरता त्यांनी सहज विचारलं, "पण एक सांगा साहेब. एवढं सगळं जमवून घेतलंय तुम्ही. मग जाताय कशाला?"

हे म्हणाले, "पाणी... म्हणजे आवाज..." आणि थांबले. तक्ता वर होता. बघून सांगायला इथे ती भिंत नव्हती.

"सकाळी उठतो," हे म्हणाले. "दाढी करतो. बूट घालतो. आणि मग जायला जागा नसते. खिडकीत उभा राहतो, तर सगळे कामाला निघालेले दिसतात. खालून हात करतात मला. दुसऱ्या गावात निदान कुणाला माहीत नसेल, की हा माणूस पूर्वी कुठेतरी जायचा."

सलूनवाल्यांचा टेप सटकन आत गेला.

मी बघतच राहिले. वर्षभर भिंतीवर हवा, पाणी, सांडपाणी मांडत बसला हा माणूस, शहरंच्या शहरं नापास केली, माझ्या नणंदेला दुखावलं, आणि हे एक वाक्य बोलायला त्याला चौकातला सलूनवाला लागला! मला संताप आला. पण रोज सकाळी ते बूट मी बघत होते. मला वाटायचं, जुनी सवय.

मी कमरेची किल्ली काढली, खोलीचं दार उघडलं आणि म्हटलं, "या आत."

हे उंबऱ्यापाशीच थबकले. "मी?"

"तुम्हीच. आता काय वाजंत्री बोलावू?"

टेबलावर निवृत्त पोस्टमनकाकांची कवळी होती. ती एकाच जागी तिसऱ्यांदा तुटली होती. मी काकांनाच दोष देत होते, की तुम्ही नको ते चावता. काका शपथा घेत होते. जोडून, घासून, सकाळीच चकाकी देऊन ठेवली होती. ती मी ह्यांच्या हातात दिली.

"बघा. का तुटते कळत नाही."

ह्यांनी कवळी उजेडात फिरवली. मग खिशातून पेन्सिल काढली. वर्ष झालं तरी ती खिशातच होती. कवळी कानाशी धरली आणि हलकेच वाजवली. एकदा या बाजूने, एकदा त्या. सलूनवाले काही विचारणार होते, हे त्यांना हाताने गप्प करून पुन्हा ऐकायला लागले.

"बद्द," हे म्हणाले. "आत तडा आहे. तू वरून जोडतेस, तो आतच राहतो."

दोन दिवस खपून केलेलं काम. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याचसाठी, नेमकं ह्याचसाठी मी दार लावून घेतलं होतं. ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं.

"कुठे?" मी विचारलं.

ह्यांनी पेन्सिलीचं टोक एका जागी टेकवलं. मी भिंग घेतलं, दिवा जवळ ओढला. बराच वेळ काही दिसेना. मग दिसला, केसाएवढा.

"साहेब, मग आपल्या व्यवहाराचं काय?" सलूनवाल्यांनी दारातून विचारलं.

हे वळलेही नाहीत. दुसरी कवळी उचलत म्हणाले, "माफ करा. ही खोली रिकामी होणार नाही."

सलूनवाले गेल्यावर ह्यांनी एकेक करून सगळ्या कवळ्या वाजवल्या. दोन बाद केल्या. त्यातली एक तर उगीचच, हे मी आजही सांगेन. मग पेन्सिल खिशात ठेवून, माझ्याकडे न बघता विचारलं,

"सकाळी किती वाजता उघडतेस?"

"नऊला," मी म्हटलं. "उशीर केलेला चालणार नाही."