शांत पडदा

तपासणीच्या ठोकळ्यात भोक मुद्दाम पाडलेलं होतं. त्यावर प्रोब, म्हणजे धातूत ध्वनिलहरी सोडून आतला तडा हुडकणारं यंत्र, टेकवला की पडद्यावर रेघ ताडकन उभी राहायला हवी. तिने पुन्हा तेल लावलं, पुन्हा प्रोब टेकवला. रेघ उठायचं नाव घेईना.

हा कॉम्पोझिट प्रोब यावा म्हणून साहेबांच्या मागे तिनेच लकडा लावला होता. जुन्या सिरॅमिक प्रोबने जाड सांध्यांच्या तपासणीत पडद्यावर नुसतं बारीक रेघांचं गवत माजायचं. त्यात तडा कुठला आणि कचरा कुठला, कळायची सोय नव्हती. नव्या प्रोबने ते गवत साफ झालं, केसाएवढा तडाही ठळक दिसू लागला. पण बाळ भारी नाजूक. त्याच्या आतल्या सिरॅमिकच्या काड्या राळेत बसवलेल्या, आणि राळेला उष्णता सोसत नाही. हे तिला तोंडपाठ होतं. तरी सकाळी साहेबांनी घाई लावली, आणि बॉयलरच्या पुरत्या न निवलेल्या वाफेच्या पाइपाच्या सांध्यावर तिने प्रोब फिरवला. पडदा शांत होता. शांत म्हणजे चांगला, ही सवय अंगवळणी पडलेली, तीच नडली. प्रोब तिथेच भाजून बहिरा झाला असणार. ठोकळ्यावर ताडून बघायचं राहिलं होतं, ते आत्ता झालं.

त्या बॉयलरवर तिचाच नवरा पाळीला होता. ती धावत सुटली. वाफ चढू लागली होती आणि तो त्याच सांध्यापाशी उभा होता.

"अहो, बंद करा. माझं चुकलंय."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बॉयलर बंद करायला घेतला. साहेब आले. बॉयलर चालू ठेवा म्हणून आधी त्यांनी समजूत घातली, मग आवाज चढवला. तुमच्याच हट्टापायी एवढा महागडा प्रोब आणला, हेही ऐकवलं. ते खरं होतं, म्हणून तिला जास्त लागलं.

पाइप पूर्ण निवल्यावर तिने जुना प्रोब लावला. पडदाभर गवत.

"बरा आहे ना सांधा?" नवऱ्याने हळूच विचारलं.

धीराचं काहीतरी तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मला दिसत नाहीये," ती म्हणाली. त्याच्यासमोर तिला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

सांध्यावर सकाळी तिनेच पिवळ्या रंगखडूने 'पास' लिहिलं होतं. ती फडक्याने ते पुसू लागली. उष्णतेने रंग पक्का बसला होता. तिचा हात दुखायला लागला तेव्हा त्याने फडकं घेतलं आणि तो घासू लागला.