काठावरच्या दोन खाचा

मित्रांनो, स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण मी पितळेचं आहे, साडेतीन किलोचं आहे, आणि हल्लीच्या त्या काळ्या, हलक्या, चिकटत नाही म्हणून मिरवणाऱ्या भांड्यांसारखं मला कुणी दोन बोटांनी उचलत नाही. जुनं पातेलं आहे मी. सोलापुरात अक्कलकोट रोडला भाड्याच्या दोन खोल्या आहेत, तिथे ओट्याखाली माझी जागा. माझ्या अंगावर, काठाच्या जरा खाली, चार बोटांएवढी एक जागा बाकीच्या अंगापेक्षा जास्त चकचकते. आलेल्या बायका म्हणतात, "किती छान घासलंय गं!" त्यांना काय ठाऊक? तिथे पूर्वी नाव होतं.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते वीरभद्रप्पांचं भांड्यांचं दुकान. चौदा वर्षांपूर्वी तिथे खांद्यावर घोंगडं टाकलेला एक उंच माणूस आला. मायाप्पा त्यांचं नाव. मंगळवेढ्याकडे त्यांची मेंढरं होती, आणि लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी दहा पातेली उलटी-पालटी केली, टिचक्या मारून आवाज ऐकला आणि मला उचललं. बंडीच्या आतल्या खिशातून दोन मेंढरं विकल्याचे पैसे काढून दिले. वीरभद्रप्पांनी नाव घालायचं मशीन हातात घेतलं.

"काय नाव घालू, आबा? चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी राजनंदिनी हिस सप्रेम भेट, असं घालतेत बघा सगळे."

"एवढं लांबडं कशाला? घरात आमी तिला नंदा म्हणतो. 'नंदाला आबानं दिलं.' बास की."

मशीन घर्रर्र करत माझ्या अंगावरून फिरलं. गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू! मग मायाप्पांनी दुकानातली कानस मागून घेतली आणि माझ्या काठावर शेजारीशेजारी दोन खाचा पाडल्या.

"अवो, नव्या भांड्याला कशाला दुखवताय?" वीरभद्रप्पा कळवळले.

"अक्षरं तुमची झाली. मला कुटं वाचाय येतंय? आमच्या मेंढरांच्या कानाला असंच दोन कातरं असत्यात. हजारात सोडलं तरी माझं मी वळखतो. ह्यालाबी असू द्या माझी खूण."

ती खूण त्यांनी कुणाला सांगितली नाही. नंदालाही नाही. भांडं कुठे आपटून काठ खरवडला असेल, एवढंच तिला वाटलं असणार.

माझे कामाचे दिवस फार सुखाचे होते. पुरण शिजलं ते माझ्यात. नंदाच्या डोहाळजेवणाचा भात माझ्यात. शेंगांची आमटी तर माझ्यातच करावी, असं शेजारच्या चार घरांचं मत होतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा तळापासून काठापर्यंत भरून मीच उभं असायचं. दर दिवाळीआधी कल्हई व्हायची. कुणाकडे कार्य निघालं की मला मागून न्यायचे आणि नाव वाचून बिनचूक परत आणून द्यायचे. नंदाची मुलगी ऋतुजा तर माझ्यावरच वाचायला शिकली. तिचे वडील जोतिराम तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवायचे. "आ... बा... नं," करत ती हसायची. शाळेतल्या बाईंनी नंतर शिकवलं ते उगाच.

जोतिराम टॉवेलच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. गेल्या वर्षी परदेशी मागणी थांबली आणि निम्म्या माणसांना घरी बसवलं. जोतिराम त्या दिवशी दुपारीच घरी आले, डबा न उघडता. नंदाने पाणी दिलं. ते म्हणाले, "गेली नोकरी. एवढं ऐक माझं, आबांना सांगू नकोस. चार महिन्यांत लागतंय की दुसरीकडं."

"मी कशाला सांगू?" नंदा म्हणाली. तिलाही ते हवंच होतं. माहेरी तिच्या नवऱ्याला सुपरवायझरसाहेब म्हणायचे ना!

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माणसं म्हणतात. मी त्या घरात बसून बघितलं, मूठ झाकली होती आणि सव्वा लाख होते ते देण्याचे. मोटारसायकलचा हप्ता भरायला नंदाने बचत गटातून कर्ज काढलं. गटाचा हप्ता आला तेव्हा मोबाईलवरून कर्ज घेतलं. एका भोकाला ठिगळ लावायला दुसरीकडे भोक पाडायचं! तरी हप्ते थकले आणि मोटारसायकल ओढून नेली ती नेलीच. मग वसुलीचे फोन यायला लागले. नंदा मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवायची, तरी आवाज यायचाच. जोतिराम गोदामात पोती मोजायच्या कामाला लागले, पण त्या पगारात घरभाडं आणि किराणा, बस.

अशात एका सकाळी मायाप्पा आले. मी भरलेलं होतं, त्यांनी माझ्यातूनच तांब्या बुडवून पाणी घेतलं. मग भिंतीला टेकून बसले आणि बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "नंदे, सांगोल्याच्या बाजारात बारा मेंढरं इकली. शिवू म्हणतोय टेंपो घेऊया. तुझा भाऊच हाय, देनार की मी. पर त्याला द्यायच्या आधी तुला इचारतोय. काय नड हाय का?"

मित्रांनो, तुम्हीच सांगा, याहून सरळ कुणी विचारेल का?

नंदा ओट्याकडे तोंड करून कांदा चिरत होती. "न्हाई आबा. सगळं चांगलं हाय की."

"जावयाची गाडी दिसंना."

"सर्व्हिसिंगला टाकलीया."

"तुझा आवाज का असा?"

"कांदा हाय आबा."

मायाप्पांनी तिच्या पाठीकडे बघितलं. मेंढराचं नुसतं खोकणं ऐकून दुखणं ओळखणारा तो माणूस, लेकीचं ओळखलं नसेल का? पण लेकीने नाही म्हटल्यावर बापाने तरी किती उकरावं? त्यांनी खिशावरचा हात काढला, ऋतुजाच्या हातावर वीस रुपये ठेवले आणि ते गेले. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत नंदा दारात उभी होती. मला वाटलं, आता हाक मारेल. मग वाटलं, आता तरी मारेल. मला तोंड एवढं मोठं दिलंय, पण त्यातून शब्द फुटत नाही, याचं दुःख मला त्या दिवशी झालं तेवढं कधीच झालं नाही.

पुढच्याच महिन्यात गटाच्या हप्त्याला पैसे कमी पडले. एका बाईचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायकांना भरावा लागतो, आणि त्या काय कमी बोलतात? ऋतुजा शाळेत गेल्यावर नंदाने मला मोरीत नेलं. आधी चिंच लावली. मग विटेचा तुकडा घेतला आणि नावावर घासायला लागली. मला मोडीत विकायचं होतं, पण भांड्यांचं दुकान पेठेत, गावाकडची माणसं तिथे येतात, कुणी वाचलं तर बातमी माहेरी पोचेल, ही तिची भीती. 'दिलं' गेलं, 'आबानं' गेलं, शेवटी 'नंदाला' गेलं. घासताना ती रडत होती आणि नाक मनगटाने पुसत होती. तिच्या बोटाची सालटी निघाली.

दुकान निघालं वीरभद्रप्पांचंच. त्यांनी मला काट्यावर ठेवलं. मग ती चकचकीत जागा त्यांना दिसली. त्यांनी नंदाकडे बघितलं.

"ताई, राग मानू नका. चोरीचं न्हाय न्हवं?"

"माझंच हाय," नंदा म्हणाली.

"मग नाव कशाला घासलंय ओ?"

नंदाने पदर तोंडाला लावला. वीरभद्रप्पा जुना माणूस. पुढे काही न विचारता त्यांनी मोडीच्या भावाने पैसे मोजून दिले. एका हप्त्यापुरते झाले. माझी चौदा वर्षं एका हप्त्यात संपली. घरी ऋतुजाला सांगितलं असणार की पातेलं कल्हईला दिलंय.

मोडीत आलेली भांडी महिन्या-दीड महिन्यात भट्टीत जातात. मी कोपऱ्यात, एका फुटक्या घागरीखाली पडून दिवस मोजत होतं. पाचव्या आठवड्यात ओळखीचा आवाज आला. मायाप्पा दुधाची किटली घ्यायला आले होते. वीरभद्रप्पा किटल्या काढेपर्यंत ते सवयीने जुन्या भांड्यांच्या काठांवरून हात फिरवत बसले. त्यांचं बोट माझ्या काठावर आलं आणि थांबलं. एक खाच. दुसरी खाच.

त्यांनी मला बाहेर ओढलं. उजेडात धरलं. घासलेल्या जागेवर तळवा ठेवला.

"हे कुनी आनलं?"

वीरभद्रप्पांनी सांगितलं. चोरीचं का, असं आपण विचारल्याचंही सांगितलं, बिचाऱ्यांना काय ठाऊक! मायाप्पा दुकानाच्या पायरीवर बसले. मग किटलीचे पैसे माझ्यासाठी दिले. वीरभद्रप्पांनी वर एक रुपया घेतला नाही. म्हणाले, "आबा, नाव परत घालून देतो. फुकट."

"नगं. तिनं पुसलंय. तिला वाटंल तवा ती घालील."

दार नंदाने उघडलं. मला बघितलं आणि दारातून बाजूला झाली. मायाप्पांनी मला ओट्याखाली माझ्या जागेवर ठेवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "भांडं इकलंस त्याचं काय न्हाय गं. माज्या लेकीला चोर म्हनलं दुकानात. आनि बारा मेंढरं व्हती माज्या खिशात. ह्या हितंच बसलो व्हतो की मी."

"टेंपो घेतला का आबा?" नंदाने विचारलं.

"घेतला. मागल्याच आठवड्यात."

मग सगळं निघालं. पिठाच्या डब्यातला फोन, गटाचं पुस्तक, कागद. जोतिराम कामावरून आले आणि सासऱ्यासमोर खाली मान घालून बसले. मायाप्पांना वाचता येत नव्हतं, म्हणून ऋतुजाने एकेक कागद मोठ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी सासरा-जावई दोघं कर्जवाल्यांकडे जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून आले. मोबाईलवरचं कर्ज आता कुणी काढत नाही. पण बारा मेंढरांत जे एका सकाळी मिटलं असतं, त्याला आता अजून दोन वर्षं आहेत.

माझी ती जागा अजून कोरी आहे. ऋतुजा कधी कधी खडूने तिथे 'आबानं' लिहिते आणि रात्री घासताना ते जातं. नंदा म्हणते, शेवटचा हप्ता फिटला की नाव घालू.

मित्रांनो, भांडी चिंचेने घासा, कल्हई वेळेवर करा, ते सगळं खरंच. पण घरात कुणी पाणी पिऊन "काय नड हाय का?" असं विचारलं, तर कांद्याचं नाव पुढे करू नका. मायाप्पा अजून येतात. आधी माझ्या काठावरून बोट फिरवतात, मग पाणी पितात आणि तेच विचारतात. नंदा आता विळी बाजूला ठेवते, त्यांच्यासमोर बसते आणि सगळं सांगते, गॅस संपत आल्याचंसुद्धा. मायाप्पा शेवटपर्यंत ऐकतात. सवयीने हात बंडीच्या खिशावर जातो. आता तो खिसा रिकामा असतो.