चालत्या यंत्राला कुंकू

सोलापूरच्या उन्हाळ्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही. मी मात्र बाराही महिने गारठलेला! मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. आईस्क्रीम सांभाळतो तो माझा लाडावलेला धाकटा भाऊ. माझ्या पोटात असतात कॅन्सरच्या गाठींचे तुकडे, इवल्याशा कुप्यांत गोठवलेले.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला, पण मला इथं आणलं ते ‘हातभार’ संस्थेनं. ही माणसं काही धनाढ्य नाहीत. गड्ड्याच्या जत्रेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकून, चादरीच्या दुकानांचे उंबरे झिजवून त्यांनी मला विकत घेतलं. तेवढ्यावर भागवतील तर शपथ! संशोधन करणाऱ्या डॉक्टर राजेश्वरीचा पगारही तीच देतात आणि तपासणीला येणाऱ्या गरिबांचं एसटीचं तिकीटही. अशा माणसांच्या घरी नांदायला मिळालं, याचा मला फार अभिमान वाटतो.

तोंडाचा कॅन्सर ऑपरेशननंतर काहींना पुन्हा होतो, काहींना होत नाही. असं का, हे राजेश्वरी शोधते. त्यासाठी कित्येक वर्षांत जमलेले तुकडे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. थंडी गेली की तुकडा वाया जातो आणि तसा दुसरा मिळत नाही. अक्कलकोटकडच्या निंगव्वानं ऑपरेशनच्या वेळी आपला तुकडा दिला, तेव्हा राजेश्वरीनं तिला हे नीट समजावलं होतं. पुढं जरा बरं वाटल्यावर निंगव्वा संस्थेची चटणी कुटायला येऊ लागली.

माझी देखभाल चनबसप्पांकडे. त्यांचा उभा जन्म यंत्रमागावर गेला. खंडेनवमीला माग बंद करायचा, पुसून लख्ख करायचा आणि मग पूजा, ही त्यांची रीत. एका खंडेनवमीला, सुट्टीच्या दिवशी, ते झेंडूचा हार घेऊन आले. मागोमाग पूजेचं ताट घेऊन निंगव्वा. चनबसप्पांनी मला भक्तिभावानं नमस्कार केला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं!

माझी घुरघुर थांबली. मी धोक्याची शिट्टी वाजवू लागलो. मला तेवढंच बोलता येतं.

“बगा कसं वरडतंय! लई राबलंय, आज इसावा घेऊ दे,” असं म्हणत चनबसप्पांनी फडकं पिळलं आणि मला आतूनही पुसायला दाराच्या मुठीला हात घातला. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पाणी कुठलं, बर्फच म्हणा!

“अण्णा, थांबा! दार उगडू नगा! माजा तुकडा हाय की आत!” निंगव्वा ताट टाकून धावली आणि माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

“मग चालत्या यंत्राला कुंकू लावायचं व्हय? हात जाईल की!”

“ह्याला कुटं मागासारखा पळता धोटा हाय? आदी बटण लावा!”

बटण लागलं. फोन गेला. राजेश्वरी डोक्यावरचं हेल्मेटही न काढता आत धावली. दार उघडलं नव्हतं म्हणून थंडी थोडीच कमी झाली होती. सगळे तुकडे वाचले. चनबसप्पा मान खाली घालून उभे होते. “पूजा करा की अप्पा,” राजेश्वरी म्हणाली, “फक्त बंद करू नका.” त्यांनी घुरघुरणाऱ्या यंत्राला एका बोटानं कुंकू लावलं आणि हात झटकन मागं घेतला.

मग राजेश्वरी निंगव्वाकडे वळली. “अव्वा, तुमच्यामुळं वाचलं. उद्या कामासाठी दार उघडीन, तेव्हा तुमची कुपी दाखवू?”

“माज्या उपेगाची हाय का आता?”

राजेश्वरीनं आता हेल्मेट काढलं. “नाही, अव्वा. पुढं ज्यांना हा आजार होईल, त्यांच्या उपयोगाची.”

“मग मला दावायला कशाला भाईर काडतीस? ऱ्हाऊ दे गारव्यात.”

मित्रांनो, पुढं निंगव्वाचा आजार उलटला आणि ती गेली. तिच्या तुकड्यावर राजेश्वरीचं काम अजून चालू आहे. माझं अंग आता कुरकुरतं, दाराचं रबर सैल पडलंय. लोक विचारतात, हे जुनं धूड कशाला जपता? त्यांना एवढंच सांगा, आत निंगव्वा आहे.