टॉवेल न लागणारं हॉटेल

आमच्याकडे उन्हाळी सुट्टीचं हॉटेल जानेवारीतच ठरतं. बाहेर बर्फाचा चिखल, आणि आत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघं जुलैतल्या समुद्रावरून हुज्जत घालत बसलेलो. हॉटेल मी शोधायचं आणि एकहार्टनं त्यात खोट काढायची, ही वाटणी लग्नापासूनची आहे. चांगले अभिप्राय तो वाचतच नाही. ते मालकाचे मेहुणे लिहितात, असं त्याचं मत. वाईट तेवढे मोठ्यानं वाचतो: अंडी गार होती, उशीत वीट भरली होती, शेजारच्या खोलीतला कुत्रा गुणी होता पण त्याचा मालक नव्हता.

यंदा हे ऐकायचंही माझ्यात त्राण नव्हतं. मी वृद्धाश्रमात काम करते. हिवाळ्यात आमच्यातल्या दोघी नोकरी सोडून गेल्या आणि त्यांच्या पाळ्या उरलेल्यांच्या गळ्यात पडल्या. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, परत निजवायचं. घरी येऊन बूट काढायला खाली बसले की तिथेच बसून राहावंसं वाटायचं. मला समुद्राचं काही पडलं नव्हतं, जेवण कसंही चाललं असतं. मला फक्त झोप हवी होती.

आणि झोपेचा वैरी माझ्याच घरात होता. एकहार्ट आमच्या कासेल शहरात ट्राम चालवायचा, कायम पहाटेची पाळी. सुट्टीतही तो गजर लावून उठायचा आणि दोन टॉवेल घेऊन खाली पळायचा, स्विमिंग पूलजवळच्या आरामखुर्च्या अडवायला. आम्हा जर्मनांतले निम्मे पुरुष सुट्टीत हेच करतात. टॉवेल टाकला की खुर्ची तुमची, मग तुम्ही दुपारी उगवलात तरी चालतं. त्याचा गजर, त्याचं चपला शोधणं, मग दार आपटणं. मी छताकडे बघत पडायचे आणि हा स्वारी जिंकून आल्यासारखा परत येऊन सांगायचा की पहिल्या रांगेतल्या मिळाल्या. मायोर्का बेट असो की क्रीट, मी सुट्टीहून परतले की आश्रमातल्या म्हाताऱ्याच मला विचारायच्या, बरं नाही का गं तुला?

म्हणून यंदा मी सरळ सांगून टाकलं.

"या वेळी एकदा जरी गजर वाजला ना एकहार्ट, तर पुढच्या वर्षी मी एकटी जाईन."

तो हसला नाही. ही थट्टा नाही, हे त्याला कळलं असावं.

मग जिथे टॉवेलचा काही उपयोगच होणार नाही, असं हॉटेल मी शोधायला लागले. सापडलं ते आपल्याच बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर. स्विमिंग पूल नाही, आरामखुर्च्या नाहीत. वाळूत वेताच्या, छपराच्या, दोघांपुरत्या खुर्च्या, प्रत्येक खोलीला एक ठरलेली. बसायच्या जागेसमोर लाकडी जाळी आणि जाळीला कुलूप. किल्ली खोलीच्या किल्लीबरोबरच देतात, म्हणजे तिथे दुसरं कोणी बसूच शकत नाही. एकहार्टनं वाईट अभिप्राय धुंडाळले. एकच मिळाला: इथे काहीच घडत नाही. मी तेव्हाच्या तेव्हा बुकिंग केलं.

एप्रिलमध्ये तो निवृत्त झाला. डेपोतल्यांनी केक कापला, ट्रामची छोटी प्रतिकृती दिली. ती त्यानं कपाटावर ठेवली आणि पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. विचारायला जी ताकद लागते ती कामावरच संपून जायची.

जुलैत पोहोचलो. खुर्चीची किल्ली मी पर्समध्ये टाकली. रात्री एकहार्टनं माझ्यादेखत गजर बंद केला आणि मी मेल्यासारखी झोपले.

जाग आली तेव्हा पडद्याआड नुकतं उजाडत होतं आणि शेजारची गादी रिकामी होती. चपला पलंगाखालीच होत्या, म्हणजे आवाज नको म्हणून अनवाणी गेला होता. न्हाणीघरातले दोन्ही मोठे टॉवेल गायब. माझं डोकंच फिरलं. झोपेच्या कपड्यांवर कोट चढवला आणि खाली उतरले.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्या खुर्चीच्या कुलूपबंद जाळीवर दोन टॉवेल नीट पसरलेले होते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून छपरावरून घेऊन वर दगड ठेवलेले. शेजारी वाळूत एकहार्ट बसला होता.

"अरे, कुलूप आहे तिला. किल्ली माझ्याकडे आहे."

"माहितेय."

"मग कुणापासून राखतोयस?"

त्यानं पायावरची वाळू झटकली. "गजर नव्हता लावला मी. आपोआप जाग येते. एप्रिलपासून रोजच येते. तू कामावर नाहीतर गाढ झोपेत, तुला कसं कळणार. उठतो, शर्ट घालतो, बटणं लावतो आणि मग लक्षात येतं, कुठंच जायचं नाहीये."

मी खाली बसले. आश्रमातल्या प्रत्येक म्हाताऱ्याची झोप मला ठाऊक होती आणि याची नव्हती. लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेहूनही थकवा जास्त वाटला, की आता हेही आपणच उचलायचं.

ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. "पुढच्या वर्षी तू एकटी जा," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "फक्त हॉटेल ठरवायच्या आधी मला दाखव. वाईट अभिप्राय मी वाचून ठेवीन."

मी उठून दगड काढले, एक टॉवेल वाळूवर अंथरला, दुसरा पांघरला आणि त्याच्या मांडीवर डोकं टेकलं.

"वरून किल्ली आणू?" त्यानं विचारलं.

"नको. तू जागा धरून बस. मी झोपते."

नाश्त्याची वेळ टळून गेली तरी त्यानं मला उठवलं नाही. पैसे भरलेला नाश्ता एकहार्टनं आयुष्यात पहिल्यांदाच जाऊ दिला.