एक्सवाली अपेक्षा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. मी एक जुना मेल सर्व्हर आहे. परळला पूर्वी जिथे गिरणी होती तिथे आता आमच्या विद्यापीठाची इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या थंडगार खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं. दिसायला मी अगदी सामान्य. काळ्या पत्र्याचा चपटा डबा, पुढे हिरवे दिवे, पाठीमागे वायरींचा गुंता. पण विद्यापीठात कुणी कुणाला काही कळवायचं म्हटलं की ते माझ्याच हातून जायचं. निकाल, रजा, व्याख्यानांची आमंत्रणं, प्राध्यापकांची भांडणं, सगळं. भांडणात मी कधी पडलो नाही. ज्याचं त्याला नेऊन दिलं आणि गप्प बसलो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. मला जाग आली तेव्हा समोर रश्मीताई उभ्या होत्या, तोंडाला रुमाल बांधून, कारण खोलीत नुकताच रंग दिला होता. त्या विद्यापीठाच्या संगणक विभागात इंजिनिअर. ठाकूरद्वारहून बसने यायच्या आणि पर्स ठेवायच्या आधी माझ्याकडे एक नजर टाकायच्या. माझा पंखा कुरकुरला तर म्हणायच्या, "काय रे, आज कणकण आहे का?" दसऱ्याला माझ्या कपाळावर हळदकुंकू लागायचं आणि झेंडूचा छोटासा हार पडायचा. हार लगेच काढून ठेवायच्या, पाकळ्या आत जाऊ नयेत म्हणून. कुंकू मात्र राहू द्यायच्या.

त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मित्रांनो, आपली मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची म्हणजे एक गंमतच असते. जुई घ्या. कुणी शेवटी एक आय लिहितं, कुणी दोन ई लिहितं. आणि 'क्ष' आला की विचारूच नका. अर्धी माणसं के-एस-एच लिहितात, अर्धी सरळ एक्स ठोकून मोकळी होतात. त्यामुळे मेल एका स्पेलिंगने निघायचा, माणूस दुसऱ्या स्पेलिंगचं असायचं आणि मेल परत जायचा. रश्मीताईंनी यावर सोपा उपाय काढला. प्रत्येकाची पेटी एकच, पण तिच्यावर नावाच्या पाट्या हव्या तितक्या. कुणीही कसंही स्पेलिंग लिहो, मी पाटी बघायचो आणि मेल त्याच पेटीत टाकायचो. लोकांना वाटायचं, हे आपोआप होतं. आपोआप काही होत नसतं. कुणाचा मेल परत गेला की रश्मीताई त्या माणसाला शोधून विचारायच्या आणि एक पाटी वाढवायच्या.

अशा दोन पाट्यांची एक पेटी अपेक्षाची होती. अपेक्षा नायगावच्या बीडीडी चाळीतली. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच तास तुम्ही शिक्षक. सुट्टी लागली की तुम्ही कुणीच नाही. सत्र सुरू झालं की पुन्हा अर्ज, पुन्हा आशा. बरीच वर्षं तिचं असं चाललं होतं. मुलांना मात्र ती हवीहवीशी. जिन्यावरून तिच्यामागे प्रश्न विचारत जाणारी मुलं मी रोज ऐकायचो.

तिची दुसरी पाटी लागली तो दिवस मला आठवतो. ती संकोचून दारात उभी होती.

"मॅडम, मी माझं नाव के-एस-एचने लिहिते, पण दहावीच्या प्रमाणपत्रावर एक्स आहे. बाबांनी शाळेत नाव घालताना तसंच लिहून दिलं. आजोबांच्या गिरणीच्या पासावर लक्ष्मण एक्सने होतं ना, मग ते म्हणाले, आपल्या घरात 'क्ष' असाच लिहितात."

"असू दे गं," रश्मीताई हसून म्हणाल्या. "बाबांचीही पाटी लावते, तुझीही राहू दे."

तिचे बाबा, धोंडू, तोवर वारले होते. तेव्हापासून रश्मीताई तिला एक्सवाली अपेक्षा म्हणायच्या आणि तीही त्या हाकेला ओ द्यायची.

खोटं कशाला बोलू, पुढे मी म्हातारा झालो. पेट्या भरून वाहायला लागल्या. मोठी फाइल आली की मला धाप लागायची. कधी कधी तर मी सकाळचा मेल संध्याकाळी पोहोचवायचो. लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या. माझ्यासाठी नवीन भाग मागवावेत म्हणून रश्मीताईंनी कितीदा तरी लिहिलं, पण ते कागद कुणाच्या तरी टेबलावर बसून राहिले. मग एक दिवस ठरलं की मेलचं सगळं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. हा निर्णय राबवण्याची जबाबदारी उपकुलसचिव वीरेंद्र सरांवर आली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त सत्र सुरू होण्याआधी हे गाडं एकदाचं मार्गी लावायचं होतं.

कंपनीकडून सुशांत नावाचा तरुण आला. जवळच्याच काचेच्या टॉवरमध्ये त्याचं ऑफिस होतं. हुशार होता, वागायला नम्र होता. पण घाईत होता. विद्यापीठाकडून आलेल्या यादीप्रमाणे त्याने एकेक पेटी नव्या घरी, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, न्यायला सुरुवात केली. रश्मीताई त्याच्या शेजारी बसून होत्या.

"सुशांत, एकेका माणसाला दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत. तीसुद्धा न्यायची आहेत."

"मॅडम, ते सगळं डुप्लिकेट आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये एक माणूस, एक आयडी एवढंच आहे. बाकीचं घ्यायचं तर सरांकडून अप्रूव्हल लागेल."

रश्मीताईंनी वीरेंद्र सरांना गाठलं. ते म्हणाले, आधी मुख्य काम होऊ दे, ते नंतर बघू. ते 'नंतर' यायच्या आधीच रश्मीताईंची बदली परीक्षा विभागात झाली, कारण मेलचं काम आता आपल्याकडे नाही, मग तिथे माणूस कशाला? जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरची धूळ पुसली. माझ्या पुढच्या आयुष्यात मला कुणी 'काय रे' म्हटलं नाही.

आता जरा लक्ष देऊन ऐका, कारण पुढचं सगळं यावरच घडलं. सुशांतने जी नावं नेली, त्यांच्या पाट्या माझ्याकडून उतरवल्या आणि मला सांगून ठेवलं की या नावाने काही आलं तर नव्या घरी पाठव. जी नावं यादीत नव्हती ती त्याने पाहिलीच नाहीत. त्या पाट्या माझ्याकडे तशाच राहिल्या, जुन्या रिकाम्या पेट्यांवर लटकत. अपेक्षाची के-एस-एचवाली पाटी गेली. एक्सवाली राहिली. वास्तविक मलाही तेव्हाच बंद करायचं होतं. पण नोकरभरतीच्या शाखेतला एक जुना प्रोग्राम अजून माझ्यामार्फतच मेल पाठवत होता आणि तो बदलायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून मी चालू राहिलो.

त्याच भरतीत अपेक्षाचा अर्ज होता. कायम नोकरीची जागा, संख्याशास्त्राची, तिच्याच विभागात. वयात बसण्याची तिची ही शेवटची संधी होती. अर्ज भरला तेव्हा मेलचं सगळं काम माझ्याकडे होतं आणि तिच्या दोन्ही पाट्या जागेवर होत्या. नाव प्रमाणपत्राप्रमाणेच लिहा, अशी सूचना होती. छाननीत कुणी खोड काढू नये म्हणून तिने मेलचा पत्ताही एक्सचाच लिहिला. बाबांनी लिहून दिलेलं नाव. मग नेहमीप्रमाणे भरती रखडली आणि मधल्या काळात मेलचं घर बदललं.

मुलाखतीचा मेल माझ्याकडे आला. मी नाव वाचलं. पाटी होती, पेटी होती. मी मेल पेटीत ठेवला आणि माझ्या नोंदीत लिहिलं, 'पोहोचलं'. आयुष्यभर मी हेच करत आलो होतो.

मित्रांनो, ती पेटी कुणीच उघडत नव्हतं. अपेक्षा रोज नव्या घरची पेटी उघडून बघत होती. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण माझ्यासारख्याला ओरडता येत नाही, फक्त पोहोचवता येतं. तिचे शब्द मला जिन्यावरून ऐकू यायचे. आईला फोनवर सांगायची की कॉल अजून आला नाही, पण येईल, भरतीला वेळ लागतोच. एकदा तिने शाखेत जाऊन विचारलंही. तिथे सांगितलं की सगळ्यांना मेल जाणार आहेत, मेलवर लक्ष ठेवा.

मुलाखती आमच्याच मजल्यावर झाल्या. अपेक्षा तेव्हा समोरच्या वर्गात शिकवत होती. तास संपवून ती बाहेर आली, तर व्हरांड्यात इस्त्रीच्या कपड्यांत, फाइली घेऊन माणसं बसलेली. तिने एकाला विचारलं, कसल्या मुलाखती? त्याने सांगितलं. तिच्या हातातला खडू खाली पडल्याचा आवाज मला खोलीत आला. ती तशीच आत धावली, पण यादीत तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' असं लिहून झालं होतं आणि समिती शेवटच्या उमेदवाराला बोलावत होती.

दुसऱ्या दिवशी वीरेंद्र सर सुशांतला घेऊन माझ्या खोलीत आले. मागून अपेक्षा आली. सुशांतने माझ्या नोंदी उघडल्या.

"सर, डिलिव्हर्ड आहे," तो म्हणाला. "हे बघा, वेळेसकट आहे."

"अपेक्षा मॅडम, मेल पोहोचलेला आहे," वीरेंद्र सर म्हणाले. "तुमच्याकडून पुसला गेला असेल. आता त्याला विद्यापीठ काय करणार?"

"सर, मी वाट बघत होते," अपेक्षा म्हणाली. "वाट बघणारं माणूस तोच मेल पुसेल का?"

सरांनी पुन्हा त्या नोंदीवर बोट ठेवलं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. माझा शब्द खरा होता आणि त्याच शब्दाने तिला खोटं पाडलं.

अपेक्षाचा निरोप मिळताच रश्मीताई परीक्षा विभागातून धावत आल्या. पत्त्यातला एक्स पाहिला आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. मग त्यांनी सुशांतला ती जुनी पेटी उघडायला लावली. आत एकच मेल होता, न वाचलेला. सुशांतचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "मॅडम, मला वाटलं होतं, डुप्लिकेट आहे." रश्मीताई वीरेंद्र सरांशी पुष्कळ बोलल्या, पुढे वरपर्यंत लिहूनही पाहिलं. उत्तर आलं ते असं की मेल उमेदवाराने स्वतः दिलेल्या पत्त्यावर, उमेदवाराच्याच नावाच्या पेटीत पोहोचला आहे. निवड झाली आहे. त्यात आता बदल करता येणार नाही.

अपेक्षाने तो मेल माझ्यासमोर उभं राहून वाचला. अगदी सावकाश वाचला. मग म्हणाली, "नाव बरोबर लिहिलंय. बाबा लिहायचे तसंच." आणि रडली. रश्मीताईंनी तिला जवळ घेतलं. कायम शिक्षक आल्यावर तासिकांची गरज उरली नाही. पुढच्या सत्रात जिन्यावर तिचा आवाज आला नाही.

आता त्या जुन्या प्रोग्रामचीही सोय नव्या घरी होते आहे. उद्या मला बंद करणार. माझ्या डिस्कना ड्रिलने भोकं पाडायची आहेत, म्हणजे आतलं कुणाला वाचता येणार नाही. त्याचं मला दुःख नाही. जुन्याने जावं, नव्याने यावं, हे मलाही पटतं. पण मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कधीतरी अशी घरं बदलाल, कामं दुसऱ्याच्या हाती द्याल. तेव्हा जुन्या घराच्या दारावर कुणाकुणाच्या पाट्या आहेत, त्या एकदा वाचून बघा. ज्याने त्या लावल्या त्याला बाजूला बसवून विचारा. आणि काही पोहोचलं असं कुणी सांगितलं, तर कुणाच्या हातात पोहोचलं, हेही विचारा. मला ते कुणी विचारलं नाही.

आज सकाळी भरतीच्या शाखेतून माझ्याकडे शेवटचा मेल आला. आपण मुलाखतीस अनुपस्थित राहिल्यामुळे आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे, असं त्यात लिहिलं होतं. नाव एक्सचंच होतं. दुसरं मला काहीच येत नाही. मी तो मेल तिच्या पेटीत ठेवला आणि नोंदीत लिहिलं, 'पोहोचलं'.