चालवणाऱ्यानं मागं बघायचं नाही

क्लॅरी हॅनफर्डच्या बोटीला आरसा नव्हता. पूर्वी होता, चोवीस वर्षांपूर्वी त्यानं स्क्रू काढून तो नदीत भिरकावला आणि भोकं लांबीनं बुजवून टाकली. "आरशात बघणं म्हणजे मागं बघणंच," एवढंच तो सांगायचा. हॉक्सबरी नदीच्या काठावर त्याला याहून पुढं विचारायची कोणाची छाती नव्हती.

नियम तसा साधा. दोरीला माणूस असला, म्हणजे बोटीमागं दोरी धरून कोणी वॉटर-स्कीइंग करत पाण्यावरून घसरत असलं, की बोट चालवणाऱ्यानं फक्त पुढं बघायचं. वर कुठं पाऊस झाला की नदी काय काय वाहून आणेल याचा भरवसा नसतो. मागचं बघायला बोटीत दुसरं कोणीतरी उलटं तोंड करून बसतं आणि सांगतं: उठला, पडला, थांबवा.

चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी उलटं तोंड करून बसली होती क्लॅरीची मुलगी ब्रॉन्विन, म्हणजे ब्रॉन, चौदा वर्षांची. दोरीला तिचा भाऊ डार्सी, सतरा वर्षांचा. तीन उन्हाळे पोरगा नाकातोंडात पाणी घेत धडपडत होता आणि त्या सकाळी तो लांब दोरीवर पहिल्यांदाच उभा राहिला, पायाला फळी नाही, काही नाही, नुसत्या तळपायांवर. ब्रॉनला आनंद आवरेना. ती ओरडली, "बाबा, बघा ना!" क्लॅरीनं मान वळवली. समोर अर्धा बुडालेला ओंडका होता. बोट उसळून तिरकी गेली आणि ताशी साठच्या वेगात डार्सी धक्क्याच्या खांबांवर आपटला. पोरगं जागच्या जागी गेलं.

पोलिसांना क्लॅरीनं सांगितलं, "मी मागं बघितलं. चूक माझी." कोणी हाक मारली ते त्यानं ओठांबाहेर काढलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. गावानं त्याला बोल लावले. लावतील नाहीतर काय, बोल लावायला गावाचं काय जातं! ब्रॉन ते सगळं ऐकत मोठी झाली आणि ती हाक तिच्या घशात माशाच्या काट्यासारखी रुतून बसली. बाबांना ऐकू गेलं होतं का? आपल्यामुळंच वळले का? हे दोन प्रश्न घेऊन ती कॉलेजला गेली, शाळेत गणिताची बाई झाली, लग्न करून मोडूनही आली.

त्या गोष्टीला वीस वर्षं झाली तेव्हा एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला डार्सीसारखं अनवाणी उभं राहायला शिकवा."

तिची आई नोरीन म्हणाली, "चौतिसाव्या वर्षी? या वयात लोक गुलाब लावायला शिकतात गं."

"मला गुलाब जमत नाहीत."

चौथ्या दिवशी क्लॅरीनं शेडमधल्या बोटीवरची ताडपत्री काढली. ब्रॉनला वाटलं होतं, एकदा का दोघं बोटीत शेजारी बसलो की तोंडून ती हाकेची गोष्ट आपोआप निघेल. कसलं आपोआप!

पहिला उन्हाळा बोटीच्या बाजूला बांधलेल्या आडव्या दांड्याला लोंबकळण्यात गेला. "पाण्यावर बसलीयेस की कमोडवर?" क्लॅरी ओरडायचा. "ढुंगण उचल! टाचा हळूच टेकव, बोटं वर! आणि पायांकडं बघू नकोस, तोंडावर आपटशील." ती आपटायचीच. रविवारी नाकात गेलेलं पाणी सोमवारी वर्गात एखाद्या पोराच्या वहीवर वाकलं की भसकन बाहेर यायचं. पोरं खिदळायची. दुसऱ्या उन्हाळ्यात ती दांडा धरून उभी राहिली. तळपायांखाली पाणी तव्यासारखं चटके देत होतं आणि तिला रडू की हसू कळत नव्हतं.

दांड्यावर असली की ती क्लॅरीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात असायची. तिथवर ठीक होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच दांड्याला आखूड दोरी बांधून तेही जमलं. आता उरली फक्त लांब दोरी, थेट बोटीच्या मागं. आणि तिथं क्लॅरीची गाडी अडली. आज पाणी खवळलंय. आज ओहोटी आहे. दोरी जुनी झालीय. तिनं नवी दोरी आणली, तर म्हणे नव्या दोरीला ताण जास्त असतो. तिचंही निराळं नव्हतं. दर रविवारी ठरवायची, आज सांगायचंच. मग थर्मासमधला चहा संपायचा, अंड्याचे पाव संपायचे, आणि ती ओले कपडे पिशवीत कोंबून घरी जायची. बाप-लेक दोघंही एक नंबरची भित्री.

चौथ्या उन्हाळ्याच्या शेवटी (तिकडं उन्हाळा मार्चमध्ये संपतो), मार्चमधल्या एका सकाळी, नदी अशी संथ पसरली होती की काठची सुरूची झाडं पाण्यात उलटी जशीच्या तशी दिसत होती. क्लॅरी म्हणाला, "धुकं येईल बहुतेक."

"क्लॅरी," नोरीन म्हणाली, "दोरी मागं बांध. मी बसते बघायला."

"तू?"

"माझं पोरगं पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा मी घरी केक भाजत होते. आज मी बघणार."

त्यानं दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली, पुन्हा पाहिली, मग तिसऱ्यांदा पाहिली.

ब्रॉन पाण्यात उताणी पडून राहिली. बोट वीस-बावीस मीटर पुढं होती. इतक्या लांबून तिला आईचा चेहरा दिसत होता आणि बाबांची फक्त मान, उन्हानं तांबूस झालेली, वर पांढरे केस. इंजिन गरजलं. पाणी पाठीवर धबाधब बसू लागलं. ती बसती झाली, टाचा टेकवल्या, गुडघे वाकलेले ठेवून वजन हळूहळू पायांवर घेतलं आणि उभी राहिली.

उभी राहिली! तळपायांखालून पाण्याचे दोन पंखे उडत होते. नोरीन एका हातानं तोंड दाबून रडत होती आणि दुसरा हात वर धरून होती. ब्रॉन मात्र त्या मानेकडं बघत होती. बघा, बाबा. नको, बघू नका. हाक घशापर्यंत आली, तशी तिनं दात घट्ट मिटले. मान हलली नाही. अर्ध्या मिनिटानं पायांतलं बळ संपलं आणि तिनं दोरीची मूठ सोडून दिली.

धक्क्यावर आल्यावर तिनं टॉवेलसुद्धा घेतला नाही. रबरी पोशाखातून पाणी ठिबकत असतानाच ती म्हणाली, "बाबा, तेव्हा मी हाक मारली होती."

"माहीत आहे," क्लॅरी दोरीचं वेटोळं करत म्हणाला. "कान शाबूत होते माझे."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"चौदा वर्षांची होतीस."

क्लॅरीचं वेटोळं चुकलं. त्यानं ते सोडून पुन्हा सुरू केलं.

"तू ओरडायच्या आधीच मी वळलो होतो," तो म्हणाला. "माणूस उभा राहिला की दोरी हलकी होते, इंजिनाचा आवाज बदलतो. कळलं मला, पोरगं उठलंय. मग कुठला बाप थांबेल?"

"खरं सांगताय?"

"नाहीतर काय. आणि समज, नसेल खरं. सुकाणूवर हात माझा होता ना? चोवीस वर्षं हे डोक्यात घेऊन फिरलीस? वेडे, मला विचारायचं तरी." त्यानं वेटोळं खाली टाकलं. "मीच विचारायला हवं होतं. मला धीर झाला नाही गं."

ब्रॉन फळ्यांवर खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. नोरीन तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

बऱ्याच वेळानं ब्रॉननं विचारलं, "आज माझ्या वेळी कळलं?"

"कळलं की. दोरी हलकी झाली."

"वळावंसं नाही वाटलं?"

"मान अजून दुखतेय," क्लॅरी म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कशी उभी होतीस?"

ती उठली. पहिल्या उन्हाळ्यात गवतावर सराव करायची तशी तिनं मूठ हातात घेतली. दोरीचं दुसरं टोक क्लॅरीनं आपल्या कमरेभोवती घेतलं आणि सवयीनं तिच्याकडं पाठ करून, समोर नदीकडं बघत उभा राहिला. तिनं गुडघे वाकवले, टाचा टेकवल्या, बोटं वर घेतली आणि पाठीमागं भार टाकला. दोरी ताणली गेली. तो वळेना. मग तिला कळलं, तो कशासाठी थांबलाय.

"बाबा," ती म्हणाली, "बघा ना."

क्लॅरी वळला, आणि चहा निवतोय म्हणून नोरीननं दोनदा सांगितलं तरी बघतच राहिला.