बाबांचं होल्स्टर

अवनीच्या बरगडीवरचा काळानिळा डाग पाहिला तेव्हा माझ्या मनात नको नको ते आलं. कॉलेजात जाणारी मुलगी, लखनौभर एकटी हिंडते.

"कोणी हात लावला का तुला?" मी विचारलं.

"अरे यार आई, होल्स्टर लगता है. बस." तिने कुर्ता खाली ओढला आणि निघून गेली.

होल्स्टर म्हणजे पिस्तूल ठेवायचं चामड्याचं म्यान, कमरेच्या पट्ट्याला लावतात ते. हे होतं तिच्या बाबांचं. आमचे हे, प्रसन्न, बख्शी का तालाबच्या हवाई तळावर वॉरंट ऑफिसर. कधीकाळी तळाच्या नेमबाजी टीममध्ये होते, तेव्हा हौसेनं बनवून घेतलेलं. ते लेकीच्या कमरेला बांधताना ह्यांचे डोळे भरून आले होते. आणि फौजी घरात जे मिळतं त्यात आपण बसायचं असतं. बूट चावला तर पाय तयार होतो, बूट बदलत नाहीत. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

दुसऱ्या दिवशी अवनीची पहिली मोठी स्पर्धा होती. बीप वाजली की कमरेचं पिस्तूल उपसायचं आणि झाडायचं, तेही खऱ्या गोळ्यांनी. संध्याकाळी आमच्या बैठकीत शेवटचा सराव चालला होता. घरातलं पिस्तूल प्लास्टिकचं. ट्रिगर दाबला की गोळीऐवजी लाल ठिपका पडतो. समोरच्या भिंतीवर कागद चिकटवलेला, हे तिच्या मागे उभे, नजर कागदावर. मी खाली बसून मेथी निवडत होते.

"रेडी... ड्रॉ!"

अवनीचं कोपर पार कानापर्यंत वर गेलं, अंग डावीकडे कललं. पिस्तुलाची मूठ बरगडीत रुतत होती ना, तिला ती सोडवून घ्यावी लागत होती. ठिपका कागदावर पडला. "शाब्बास!" पुन्हा ड्रॉ. या वेळी पिस्तूल अडकलं, तिने हिसका दिला, आणि मला लाल ठिपका दिसला. तिच्या उजव्या मांडीवर. पुढच्याच क्षणी दुसरा ठिपका कागदावर उमटला.

"शाब्बास!" हे म्हणाले.

मी मेथी बाजूला सारली.

"अहो, ठिपका तिच्या मांडीवर पडला."

"कपड्याची चमक असेल."

"चमक कुठली आणि ठिपका कुठला, कळतं मला. मी खाली बसलेय, मला दिसलं."

"सवय होईल, मृणाल. मी नाही का इतकी वर्षं वापरलं?"

"तुम्हाला कंबर आहे का?" माझा पारा चढला. "नळासारखे सरळ तुम्ही! आण गं तो पट्टा इकडे."

खेळण्यातलंसुद्धा पिस्तूल मी कधी हातात धरलं नव्हतं. पट्टा बांधला आणि कुणी कोपर रुतवावं तशी मूठ बरगडीत रुतली. आम्हा बायकांची कंबर आत आणि नितंब बाहेर. खालचा उभार होल्स्टरचं टोक बाहेर ढकलतो आणि वरची मूठ अंगात घुसते. इतकी साधी गोष्ट, पण बोलायचं कोणी?

"आता कागद सोडा. माझ्या पायाकडे बघा," मी म्हणाले आणि उपसलं. अडकलं. हिसका दिला तर बोट आपसूक ट्रिगरवर गेलं. लाल ठिपका माझ्याच मांडीवर. प्लास्टिक आहे हे ठाऊक असूनही मी किंचाळले.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग हळूच विचारलं, "अवनी, रेंजवर खऱ्या पिस्तुलानं कधी असं झालं?"

ती आत गेली. परत आली तेव्हा हातात निळी ट्रॅकपँट होती. ती हरवली म्हणून मी धोब्याशी कडाकडा भांडले होते. उजव्या मांडीवर वाटाण्याएवढं भोक, कडा जळलेल्या. त्याखाली वीतभर अंतरावर दुसरं, गोळी बाहेर पडल्याचं.

"गोली बस कपड़े से निकल गई," ती म्हणाली. "रेंज वाले सर को लगा निशाना नीचे चला गया. मैंने बताया नहीं."

माझं बोट त्या भोकातून आरपार गेलं. तिला एक ठेवून द्यावी की पोटाशी धरावं, कळेना.

"मला का नाही सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"आपका था ना, बाबा."

ह्यांनी भिंतीवरचा कागद काढून घेतला. म्हणाले, "उद्याची स्पर्धा नाही."

तिने हूं की चूं केलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

ह्यांनी बॅरेकच्या दिवसांतली सुईदोऱ्याची पिशवी काढली. मी जुन्या सुती साडीच्या पदराची जाड घडी केली. पट्ट्याच्या आत, कमरेच्या खोलगट भागावर ती बसली की मूठ बाहेर झुकणार होती. ह्यांना सुईत दोरा ओवता येईना. मी ओवून दिला. टाके घालून झाल्यावर ह्यांनी पट्टा तिच्या कमरेला बांधला, जरा खाली.

"टोचतंय?" ह्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"नहीं," सवयीनं ती म्हणाली. मग तिने माझ्या हातातल्या ट्रॅकपँटकडे पाहिलं.

"थोड़ा. यहाँ."

ह्यांनी पट्टा सोडला आणि टाके उसवायला घेतले.